सातवा गोंडा

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. नागपुरात काही लोक मला दरी म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या अंगावर तांबडे आणि निळे पट्टे आहेत. मधोमध विडीने जळून पडलेलं एक भोक आहे. आणि माझ्या एका काठाला सुताचे गोंडे लोंबतात, त्यातले सहा मोजून झाले की सातव्याच्या जागी काहीच नाही. बघणारे म्हणतात, उंदराने कुरतडला असेल. उंदराची काय बिशाद! तो गोंडा कैचीने कापला आहे. ज्या दिवशी तो कापला, त्या दिवसाचा राग माझ्या सुतासुतात अजून भरलेला आहे. आज तो सगळा सांगून टाकणार आहे.

माझा जन्म नागपूरजवळच्या खापा गावचा, १९६६ सालचा. बळीराम नावाच्या विणकराने मला आपल्या मागावर विणलं. माणूस मोठा हट्टी. पट्टा दोन सुतांनी जरी चुकला, तरी चार बोटं उसवून पुन्हा विणायचा. त्याची बायको शेजारी कांड्या भरत बसायची. ती वैतागून म्हणायची, "पायाखाली जाणारी चीज आहे. इतकं कोण पाहून राहिलं?"

"बसणाऱ्याले समजते वं," तो म्हणायचा आणि पुन्हा धोटा फेकायचा.

हे त्याचं बोलणं मी कधी विसरले नाही. आपल्यावर बसणाऱ्याला आपण खरे आहोत की खोटे हे समजतं, असा मी त्याचा अर्थ घेतला होता.

मला घ्यायला प्रयागबाई नावाची बाई एसटीने खाप्याला आली. ती नागपूरच्या उत्तरेकडच्या एका बस्तीत राहायची आणि पोटासाठी विड्या वळायची. पन्नाशीची, एकटी, काटक बाई. छप्पन सालच्या दीक्षेनंतर, चाळिशी गाठल्यावर, ती अक्षरं शिकली होती. तेव्हापासून तिने एक गोष्ट मनाशी घेतली होती. माणसाने दर हप्त्याला थोडं थोडं शिकलं पाहिजे, आणि सगळ्यात आधी स्वतःलाच वाचायला शिकलं पाहिजे.

तिने माझ्यावर हात फिरवून विचारलं, "अकरा बाया बसतीन का हो भाऊ हिच्यावर?"

"बसतीन ना बाई," बळीराम म्हणाला. "पण भांडल्या त मावाच्या नाहीत."

प्रयागबाई खळखळून हसली. तिचं ते हसणं मला इतकं आवडलं, की वळकटी करून तिच्या डोक्यावर बसून मी आनंदाने नागपूरला आले. पुढचं माहीत असतं तर वाटेतल्या कन्हान नदीच्या पाण्यात उडी मारली असती. पण ते राहू द्या.

बस्तीत एक लहानसं विहार होतं. दर रविवारी सकाळी तिथे वंदना व्हायची. वंदना झाली की पुरुष आपापल्या कामाला जायचे, मुलं खेळायला पळायची, आणि अकरा बायका ओसरीत मला अंथरून बसायच्या. त्या बैठकीला त्यांनी नाव दिलं होतं, मनाचा तास.

त्या अकराही जणी विड्या वळणाऱ्या. आठवडाभर मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटं सारखी चालू. प्रयागबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुपं बाहेर ठेवा. हाताले काम असलं का मन लपून बसते."

बाप्पा! रिकामे हात घेऊन बसणं त्यांना किती जड गेलं! पहिले काही रविवार त्यांची बोटं माझ्यावर नसलेल्या विड्या वळत राहायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. हळूहळू बोटं थांबली. मग तोंडं उघडली.

तोंडं उघडली म्हणजे काय, आधी सगळ्याजणी सासूवर घसरल्या. सासू अशी, नणंद तशी, शेजारीण तर विचारूच नका. प्रयागबाईने हात वर केला. "थांबा वं! ते कशी आहे, ते नाही सांगाचं. मी कशी झाली, ते सांगाचं. कोठी राग आला, कोठी भेव वाटलं, कोठी पोटात गोड झालं. आपलं आपण."

दुसऱ्याबद्दल बोलायला तासभर पुरत नव्हता, आणि स्वतःबद्दल बोलायला एक वाक्य सापडेना. माणसांची ही गंमत मी खूप जवळून पाहिली आहे.

आता माझ्या गोंड्यांची गोष्ट ऐका. माझ्या त्या काठाला गोंडे अकरा, आणि बायकाही अकरा. प्रत्येकीने आपापला गोंडा धरला. बोलून झालं की जिने तिने येत्या हप्त्यात करायची एक लहानशी गोष्ट सांगायची आणि गोंड्यात एक गाठ मारायची. पुढच्या रविवारी ती गोष्ट झाली असेल तर गाठ सोडायची. नसेल झाली तर गाठ राहू द्यायची. कोणी टोमणा मारायचा नाही.

सिंधूताई नावाची एक बाई होती. मनाने निर्मळ, पण नळावर भांडण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. तिने गाठ मारली, "राग आला का आधी घोटभर पाणी पिईन, मंग बोलीन." पुढच्या रविवारी प्रयागबाईने विचारलं, "पिलं का पाणी?"

"तोंडात घेतलं ना," सिंधूताई म्हणाली. "पण ते शेजारची कौसल्या अशी काही बोलली, का मी थेच पाणी तिच्या अंगावर फुरकन सोडलं."

सगळ्या हसून हसून माझ्यावर आडव्या झाल्या. गाठ राहिली. चौथ्या रविवारी मात्र ती सुटली. त्या दिवशी सिंधूताईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "मले आजपर्यंत वाटे का मी रागीट आहो. मी रागीट नाही वं. मी थकून जातो." मित्रांनो, बाई चाळीस वर्षांची होती, आणि स्वतःबद्दलची ही एवढीशी गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

शेवटी बोलणारीने मला गुंडाळायचं, हाही नियम होता. वळकटी झाली की प्रयागबाई मोठ्याने विचारायची, "गुंडाळलं?" आणि सगळ्या म्हणायच्या, "गुंडाळलं!" म्हणजे सतरंजीवर जे बोललं गेलं, ते सतरंजीतच राहिलं. ओसरीची पायरी उतरून ते खाली जायचं नाही. मला त्या एका शब्दाचा केवढा अभिमान होता! घरातली पेटी दागिने सांभाळते, कोठी धान्य सांभाळते. मी तर माणसांची मनं सांभाळत होते.

१९७१ साली वच्छला बोलली. ती तेव्हा विशीची असेल. तिचा नवरा रुपराव रेल्वेच्या यार्डात कामाला होता, आणि घरात भागीरथाबाई नावाची कडक सासू होती. बस्ती सोडून गेलेल्या एकीच्या जागी, सातव्या गोंड्यापाशी, वच्छला नुकतीच बसू लागली होती. तिला पहिली मुलगी झाली होती, नीला. अडीच महिन्यांची. वच्छला पाच रविवार आली आणि काही न बोलता गेली. सहाव्या रविवारी तिने माझ्याकडे बघत, अगदी हळू सांगितलं.

"मले लेकरू आवडत नाही. सगळे म्हणते, पोट्टी किती गोड आहे. मले काहीच नाही वाटत. रडाले लागली का वाटते, पाळण्यात टाकावं आन् कोठीतरी निंघून जावं. मी कशी माय आहो वं?"

तिची बोटं सातव्या गोंड्याचं सूत गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मी विणलेली वस्तू, मला ना हात ना तोंड. नाहीतर मीच तिला पोटाशी धरलं असतं.

प्रयागबाईने ते केलं. तिने वच्छलाला जवळ घेतलं आणि म्हणाली, "माय थकली म्हणून माय नासत नाही, पोरी." मग सिंधूताई म्हणाली, "मलेबी मोठ्याच्या वेळी असंच झालं होतं. मी कोणाले सांगतलं नव्हतं." मग आणखी एकजण तेच म्हणाली. वच्छलाने मान वर करून एकेकीकडे पाहिलं.

तिच्यासाठी सगळ्यांनी मिळून एक लहानशी गोष्ट ठरवली. रोज चार वाजता सिंधूताई नीलाला अर्धा तास घेऊन जाईल, आणि वच्छला त्या अर्ध्या तासात काही काम करणार नाही. नुसती अंगणात बसेल आणि आज मन कसं आहे, ते पाहील. वच्छलाने सातव्या गोंड्यात गाठ मारली. पुढच्या रविवारी सोडली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. असे किती रविवार गेले.

मग एका रविवारी ती धावतच ओसरी चढली. "काल अर्धा तास झाला नव्हता, आन् मलेच करमलं नाही! मीच गेली सिंधूताईच्या घरी तिले आणाले. मले पाहून हसली वं पोट्टी!" तिच्या हातात नीलाच्या झबल्याची तुटलेली पिवळी दोरी होती. ती तिने सातव्या गोंड्याला बांधली. त्या दिवशी मला वाटलं, बळीरामने मला याचसाठी विणलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी कितीही वेळा सांगेन. पुढची सांगताना माझे पट्टे आक्रसतात.

आमच्या मनाच्या तासाची कीर्ती बस्तीबाहेर गेली. १९७४ च्या जानेवारीत शहरातल्या एका महिला संस्थेच्या बाया आमचं काम पाहायला येणार असं ठरलं. प्रयागबाईचा पाय जमिनीवर ठरेना. आयुष्यभर तिला कोणी "बसा" म्हटलं नव्हतं, आणि आता मोटारीतून पाहुणे येणार होते. विहारापुढच्या मैदानात मंडप घातला. मला आदल्या दिवशी धुतलं, वाळवलं. मी वाट पाहत होते मला अंथरण्याची. पण मला अंथरलंच नाही. मला बांबूला बांधून मंचाच्या मागे उभं टांगलं, गोंड्यांचा काठ वर, सगळ्यांना दिसेल असा. जन्मात पहिल्यांदा मी उभी राहिले होते. खरं सांगते, मला ते आवडलं. मी मिरवत होते. त्याची मला आज लाज वाटते.

सगळी बस्ती जमली होती. पुढे पाहुण्या, एका बाजूला पुरुष, त्यांत रुपराव. दुसऱ्या बाजूला बायका, त्यांत भागीरथाबाई. वच्छला मंडपाच्या कोपऱ्यात तीन वर्षांच्या नीलाला कडेवर घेऊन उभी होती.

प्रयागबाई छान बोलली. सुपांबद्दल बोलली, गाठींबद्दल बोलली. मग पाहुण्यांमधल्या एका चष्मेवाल्या बाईने विचारलं, "पण या गाठींनी खरंच फरक पडतो का हो? एखादं उदाहरण सांगा ना."

तिथे "नाही" म्हणता आलं असतं. "ते सतरंजीत गुंडाळलेलं आहे बाई," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते. आणि मला प्रयागबाईचा हात माझ्या काठावर जाणवला.

"नाव नाही सांगत मी," ती म्हणाली, "आमच्यात नाव सांगाचा रिवाज नाही." आणि तिने सातवा गोंडा उचलून धरला. झबल्याची पिवळी दोरी उन्हात लखलखली. "ह्या गोंड्यावाली पोरगी. हिले आपलं लेकरू नोकोसं झालं होतं. पाळण्यात टाकून निंघून जावं वाटे. आन् आज पाहा, लेकराबिगर तिले घास उतरत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्या बाईने रुमालाने डोळे पुसले.

नाव नाही सांगितलं म्हणे! बस्तीत कोण कुठे बसते, कोणाचा गोंडा कोणता, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती दोरी भागीरथाबाईने स्वतःच्या हाताने झबल्याला लावली होती. मी वरून सगळं पाहत होते. आधी भागीरथाबाईने मान वळवली. मग तिच्या शेजारणीने. मग पुरुषांच्या बाजूला कोणीतरी रुपरावच्या कानाशी लागलं. एक एक करत सगळा मंडप कोपऱ्याकडे वळला, आणि तिथे वच्छला लेकराला छातीशी घट्ट धरून उभी होती. तिने प्रयागबाईकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत "तू सुद्धा?" एवढंच होतं. मला तिथल्या तिथे उसवून पडावंसं वाटलं.

प्रयागबाईला शाल मिळाली, नारळ मिळाला, चौकटीत बसवलेलं मानपत्र मिळालं. आणि त्या दिवशी मला कोणी गुंडाळलंच नाही. मी सकाळपर्यंत बांबूवर तशीच उघडी लटकत होते.

मंडपातली गोष्ट घरी पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले होते. भागीरथाबाई दारातच म्हणाली, "लेकराले टाकून पळणारी माय माह्या घरात नोको." ओसरी चढून आलेल्या बायकांकडून हे सगळं मला नंतर कळलं. रुपराव काही दुष्ट माणूस नव्हता. तो फक्त एवढंच म्हणाला, "अकरा जणीत सांगतलं, आन् मले काहून नाही सांगतलं?" मग तो मान खाली घालून कामावर निघून गेला, आणि आईला अडवायचं ते त्याने अडवलं नाही. भागीरथाबाईने नीलाला उचललं आणि कुहीजवळ त्यांची धानाची शेती होती, तिथल्या घरी घेऊन गेली. परत आणलीच नाही. वच्छला आणि रुपराव इथेच बस्तीत राहिले.

दुसऱ्या दिवशी वच्छला विहारात आली. प्रयागबाई मला बांबूवरून सोडत होती. वच्छलाच्या हातात तेंदूची पानं कापायची कैची होती.

"अवं, मी नाव कोठी सांगतलं?" प्रयागबाई म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. हेच तर मला सहन होत नाही.

"गोंडा त सांगतला ना, मावशी!" वच्छला म्हणाली. "मले वाटलं, सतरंजीतच राहते."

तिने सातवा गोंडा दोरीसकट कापला, मुठीत धरला आणि गेली. मला दुखलं नाही. मला वाटलं, बरं झालं, निदान हे तरी तिचं तिच्याजवळ राहिलं.

पुढच्या रविवारी पाचजणी आल्या. सुपं बाहेर ठेवली, हात मांडीवर ठेवले. प्रयागबाईने विचारलं, "बोला, कोणाले काय झालं?" सिंधूताई म्हणाली, "मले काही नाही झालं. मी अख्खा हप्ता बरी होती." दुसरी म्हणाली, मीबी बरी. तिसरी बरी, चौथी बरी, पाचवी बरी. सगळ्या बऱ्या होत्या. त्या बऱ्या झालेल्या बाया पुन्हा कधी आल्या नाहीत.

मग माझे हाल सुरू झाले. ज्याला हवी त्याने मला न्यावं. लग्नात माझ्यावर वरण सांडलं. निवडणुकीच्या सभेत माझ्यावर जोडे घालून लोक बसले. पत्ते खेळणाऱ्या एकाने पेटलेली विडी माझ्यावर टेकवली, आणि मधोमध भोक पडलं. ज्या विड्या खाली ठेवून बायका माझ्यावर बसत होत्या, त्याच विडीने मला जाळलं. पण या सगळ्याचा मला राग नाही. ही परकी माणसं होती. परक्याचा काय राग धरायचा?

राग प्रयागबाईचा आहे. तिला उशिरा का होईना, पण कळलं. आपण काय केलं, ते कळलं. त्यानंतर दर रविवारी ती मला परत मागून आणायची, आपल्या खोलीत अर्धी दुमडून अंथरायची, एकटीच बसायची, हात रिकामे ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "येत्या हप्त्यात वच्छलाकडे जाईन. म्हणीन, चुकलं माहं." मग आपल्या पहिल्या गोंड्यात गाठ मारायची.

वच्छलाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं.

ती गेली नाही. एकदा पदर सावरून निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मला म्हणाली, "नळाले पाणी आलं होतं." मला! जणू मी तिला दारातून पाहिलंच नव्हतं! एकदा म्हणाली, "आता जाऊन काय होते, इतके दिवस झाले." पुढच्या रविवारी पुन्हा तेच वाक्य, पुन्हा गाठ. मी मनातल्या मनात ओरडायची, अगं ऊठ! नियम तूच केलास ना? गाठ मारायला सोपी असते, सोडायला पाय लागतात! पण सतरंजीचं कोण ऐकतो? गाठींवर गाठी बसल्या. तो गोंडा सुपारीसारखा टणक झाला. अशी अकरा वर्षं गेली. भिंतीवर मानपत्र होतं, त्याची काच ती कधीच पुसायची नाही.

यातली पहिली दहा वर्षं वच्छला दर महिन्याला एसटीने कुहीला जायची. लेकीसाठी मुरमुऱ्याचे लाडू न्यायची. सुरुवातीला नीला आजीच्या पदराआड लपायची. पुढे लपायची नाही, पण बोलायचीही नाही. आजीने तिच्या मनात एकच गोष्ट भरली होती, तुझी माय तुला टाकून पळणार होती. १९८४ साली भागीरथाबाई वारली. तेव्हा रुपरावने तेरा वर्षांच्या नीलाला नागपूरला आणलं. पोरगी शाळेत जायची, घरात हवं ते मागायची, पण वच्छलाला काही म्हणून हाक मारायची नाही.

१९८५ च्या उन्हाळ्यात प्रयागबाई गेली. माफी न मागताच गेली. भेटायला येणाऱ्यांसाठी सिंधूताईने मला तिच्या अंगणात अंथरलं. बायका येत होत्या, बसत होत्या. आणि मग माझ्या काठाशी, जिथे गोंडा नव्हता तिथे, कोणीतरी येऊन बसलं. मी ते वजन लगेच ओळखलं. बळीराम म्हणायचा, बसणाऱ्याला समजते. सतरंजीलाही समजतं हो!

वच्छलाचा हात फिरत फिरत पहिल्या गोंड्यापाशी गेला. त्या टणक गाठीवर थांबला. न सुटलेल्या गाठीचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सिंधूताई हळूच म्हणाली, "दर रविवारी तुह्याच नावाची मारे वं. मी दारातून आयकलं आहे."

वच्छलाने ती गाठ अंगठ्याने चाचपली. मग म्हणाली, "दोनच गल्ल्या होत्या."

प्रयागबाईचं मागे कोणी नव्हतं. सिंधूताईने माझी वळकटी करून वच्छलाच्या हातात दिली. "तू ने. नाहीतर पुन्हा कोणीतरी मंडपात नेईन."

त्याच रविवारी, वंदनेनंतरच्या वेळेला, वच्छलाने मला आपल्या अंगणात अंथरलं. आधी तिने सुई घेऊन पहिला गोंडा सोडवून पाहिला. एकही गाठ सुटली नाही. "कापून टाक!" असं मला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "राहू दे. तिची तिले." मी तिच्याएवढी मोठ्या मनाची नाही. मी प्रयागबाईला अजून माफ केलेलं नाही. तिचं हसणं मात्र मला आठवतं, आणि मग जास्तच राग येतो.

नीला दारात उभी होती. तिने विचारलं, "इथचा गोंडा कोठी गेला?"

वच्छला घरात गेली आणि ट्रंकेतून एक पुडी घेऊन आली. पुडीत माझा सातवा गोंडा होता, आणि त्याला विटलेली पिवळी दोरी. "बस," ती म्हणाली. "हातातलं पुस्तक ठेव तिकडे. रिकाम्या हातानं बसाचं हिच्यावर."

नीला बसली, पण दूर, दुसऱ्या काठाला. वच्छलाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. "तू रडे, आन् मले वाटे का तुले पाळण्यात टाकावं आन् निंघून जावं. आजी म्हणे, ते खोटं नव्हतं."

नीलाने तोंड फिरवलं. तिकडेच बघत ती म्हणाली, "मंग?"

"मंग हिच्यावर येऊन बसली, आन् सांगून टाकलं."

"गेली नाही?"

"नाही गेली. एक दिवस तू हसली मले पाहून. हे दोरी त्याच दिवसाची आहे."

आजीने गोष्टीचा पहिला भागच सांगितला होता. बस्तीनेही तेवढाच लक्षात ठेवला होता. पुढचा भाग या पोरीने चौदा वर्षांत आज पहिल्यांदा ऐकला. तिने पुढे सरकून ती दोरी हातात घेतली आणि बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग ऊन ओसरीवर आलं तेव्हा वच्छला उठली आणि म्हणाली, "चाल, आता गुंडाळ हिले. गुंडाळलं म्हणजे इथची गोष्ट बाहेर कोणाले सांगाची नाही."

नीलाने मला कडेपासून नीट, हळूहळू गुंडाळलं. तिचे हात आईसारखेच आहेत. वळकटी उराशी धरून ती उभी राहिली.

"मी काहून सांगू, माय?" ती म्हणाली.

वच्छलाने पदर तोंडाला लावला. अकरा वर्षांनी तिला कोणी माय म्हटलं होतं.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, कसरीपासून जपा. तेवढं मला पुरतं. पण आठवड्यातून एकदा तुम्हीही रिकाम्या हाताने बसत जा, आणि आपलं मन आपण वाचत जा. कोणी तुमच्यापाशी आपलं मन उघडलं, तर ते गुंडाळून ठेवा, टाळ्यांसाठी उचलून धरू नका. आणि चुकलंच तुमच्या हातून, तर घरी बसून गाठी मारू नका. चपला घाला आणि जा. दोनच गल्ल्या असतात.